डावा पाय नदीचा

त्याचा डावा पाय कायम उघडा असायचा. उजव्या पायात चप्पल, डाव्यात काही नाही. चैत्र-वैशाखात रस्त्याचं डांबर वितळायचं तेव्हाही नाही. नव्या माणसाला वाटायचं, याची एक चप्पल कुत्र्यानं नेली. एका लग्नात एका पाहुण्याला दया आली, त्यानं आपली जुनी जोडी देऊ केली. यानं त्यातली उजवी ठेवली, डावी परत केली. म्हणाला, "उजवा पाय सरकारना शे, डावा नदीना."

तो धुळ्याकडचा, साक्रीच्या बाजूचा. पक्की अहिराणी बोलायचा. आमच्याकडं रावेरच्या अंगाला बोली वेगळी, म्हणून 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणतो यावर पोरीबाळी हसायच्या. तो हसू द्यायचा. नोकरी पाण्याची पातळी मोजायची. गाव त्याला डाक्टर म्हणायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, हात दुखतो. पण या माणसाबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं खोटं माझ्यामुळं पसरलं, म्हणून लिहायला बसलो. गाव म्हणतं, माझी बायको डाक्टरच्या शिकवणीनं बुडाली. मीही तेच म्हणत आलो. तिला जाऊन हा चौथा पावसाळा. डाक्टर मागच्या होळीच्या आधी गेला. आता मीच उरलो, तेव्हा खरं काय ते मलाच सांगावं लागणार.

नदीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक धरणाचं नाव विचारतात, मग साहेबाचं, आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. वर सातपुड्याच्या पायथ्याला धरण. खाली नदीच्या दोन्ही अंगांना केळी. गाव अलीकडं, चराई पलीकडं, आणि मध्ये फरशी. फरशी म्हणजे ठेंगणा पूल. नदी जरा फुगली की पाणी त्याच्यावरून जातं आणि पूल दिसेनासा होतो. फरशीच्या अलीकडं डाक्टरची खोली. नदीत रंगवलेला खांब, त्याच्यावर आकडे. दिवसातून तीन वेळा ते आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि वर फोन करून सांगायचे, एवढंच त्याचं सरकारी काम.

पण त्याच्या पेटीत एक काचेची नळी होती, पाऱ्याची. पायमोज्यात गुंडाळून ठेवायचा. पायमोजाही एकच. आकडे वाचून झाले की तो डावा पाय नदीत घालून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि आकडा बोलायचा. मग नळी घालून बघायचा. माझ्या देखत अर्ध्या अंशाच्या वर कधी चुकला नाही. सवय इतकी लागली की भेटल्यावर माणसाचा हात हातात घ्यायचा आणि रामराम म्हणायच्या आधी सांगायचा, "तुना हात तेहतीस." चहात नळी घालायचा. पन्नासच्या खाली आला की मगच बशीत ओतायचा. माझी बायको त्याला कधीमधी भाकरी द्यायची. तो भाकरीवरही हात ठेवून बघायचा. ती म्हणायची, "डाक्टरभाऊ, भाकर सोडा. आमच्या मान्साचं डोकं मोजा बरं, किती तापेल हाये."

तो गंभीर होऊन माझ्या कपाळाला हात लावायचा. "वहिनी, हाई डोकं नही. हाई चुल्हा शे."

मला राग यायचा. ती हसत हसत आत जायची.

एकदा एक तरुण साहेब तपासणीला आला. वहीत बघतो तर सरकारी रकान्यांच्या शेजारी लाल पेन्सिलीनं आखलेला एक जादा रकाना. नदी किती गरम, किती गार. साहेब म्हणाला, "हे कुणी सांगितलं लिहायला?"

"कोनी नही."

"मग हा रकाना इथं नसतो."

"नदीमा ते शे ना, साहेब."

साहेबानं त्या रकान्यावर उभी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी यानं नव्या पानावर परत आखला. साहेब बदलून गेले, रेघा मारत गेले. रकाना राहिला.

लोक चेष्टा करायचे. पाणी भरायला आलेल्या बाया ओरडायच्या, "डाक्टर, नदीले ताप आला काय?" तो हातवारे करून समजावत बसायचा. पण त्याचं म्हणणं गावाला खरं वाटायला लागलं ते माशांच्या दिवसापासून.

त्या वर्षी भादव्यात डोंगरात मोठा पाऊस झाला. सकाळी नदीत मासे उलटे तरंगायला लागले. शेकड्यांनी. पाण्याला नासक्या अंड्यासारखा वास. पलीकडच्या वस्तीतले मासे धरणारे लोक केळीवाल्या पाटलाच्या मळ्यात शिरले. तुझी फवारणी नदीत आली, आमचं पोट मारलंस म्हणाले. पाटलाचे सालदार काठ्या घेऊन उभे. आता डोकी फुटणार, अशी वेळ. डाक्टर एका चपलेवर धावत मध्ये आला. कुणाला काही न बोलता एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला नदीत घेऊन गेला आणि त्याचे पाय पाण्यात बुडवले.

"कसं लागस?"

"गार. लयच गार."

"काल पाऊस पडना. पाऊसनं पानी असं ऱ्हास का? हाई धरनना तयनं पानी शे. खालनी मोरी उघडेल शे. तठे ऊन नही, वारा नही. मासाना जीव गुदमरना, थंडीमा आखडना. जहर नही."

कुणी मानेना. तेव्हा यानं पाण्यातला एक मासा उचलला, तिथंच तीन दगडांची चूल केली, भाजला आणि सगळ्यांसमोर काट्यासकट खाल्ला. दोन्हीकडची माणसं तासभर त्याच्या तोंडाकडं बघत बसली, मरतो की काय म्हणून. तो ढेकर देऊन उठला. काठ्या खाली गेल्या.

त्या दिवसानंतर त्यानं गावाला एक नियम शिकवला. पाऊस झाला की नदीला दोन तऱ्हेचं पाणी येतं. एक नाल्या-वावरांतून. ते तापलेल्या जमिनीवरून येतं, म्हणून कोमट. जसं येतं तसं उतरतं. दुसरं धरणाचं, तळाचं, ते गार. धरणवाले वरचे दरवाजे उघडायच्या आधी तळाची मोरी, म्हणजे तळातलं लहान दार, थोडी सोडायचे, मग तासा-दोन तासांनी दरवाजे. म्हणजे पायाला गार लागलं की समजायचं, धरण सुटलं, मागून पूर येतोय. "थंड लागनं का निंघा." गावानं ते आपल्या बोलीत केलं. गार लागलं तर निघा, कोमट लागलं तर जा. बाया फरशीवर पाऊल टाकायच्या आधी एक पाय पाण्यात घालायला लागल्या. माझ्या बायकोनं सुनांना शिकवलं, सुनांनी आपल्या माहेरी. सात-आठ वर्षं नियमानं कधी दगा दिला नाही. दोनदा तर बाया गार लागलं म्हणून मागं फिरल्या आणि घटकाभरात फरशी पाण्याखाली गेली. त्यांनी डाक्टरला नारळ दिला.

आता ते सांगतो.

आश्विनातली दुपार. इकडं कडक ऊन, वर डोंगरात काळं. सकाळी एक सर येऊन गेली होती, नाल्याचं गढूळ पाणी फरशीवरून घोट्याइतकं वाहत होतं. आमच्या तीन शेळ्या पलीकडं राहिलेल्या. ती त्यांना आणायला फरशीत उतरली. मधोमध पोचली तेव्हा पाणी वाढलं. नुसतं वाढलं नाही, एकदम उभं राहिल्यासारखं आलं. दोन खेपा तिचं लुगडं दिसलं. संध्याकाळी चार कोसांवर, केळीच्या बागेच्या कुंपणाला सापडली. शेळ्या पलीकडं चरत होत्या. त्यांना काही झालं नाही.

डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. धरणवाल्यांनी मोरीची वाट न बघता एकदम दरवाजे उचलले होते. भोंगा वाजला म्हणतात. वारा उलटा होता, आमच्यापर्यंत आला नाही.

पंचनामा झाला. मला विचारलं, तुम्ही कुठं होता? मी सांगितलं, घरी होतो. कागदावर लिहिलं, मयत स्वतःच्या निष्काळजीपणानं पाण्यात उतरली. मी खाली सही केली. मला तो शब्द नीट वाचता आला नव्हता. थोरल्या मुलानं रात्री अर्थ सांगितला.

निष्काळजी. जी बाई दुधाचं भांडं झाकून वर पाटा ठेवायची. जी मला बिडी विझवली का म्हणून तीनदा विचारायची.

तो शब्द माझ्या छातीत काट्यासारखा बसला. कुणावर तरी काढायला पाहिजे होता. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवला, कावळ्याची वाट बघत बसलो. तिथं डाक्टर आला. डावा पाय उघडा, हातात ती पायमोजातली नळी. मी उठलो आणि सगळ्या भाऊबंदांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली.

"तुह्या नियमानं गेली माही बायको! कोमट लागलं म्हून उतरली!"

नळी त्याच्या हातातून पडून फुटली. पाऱ्याचे मणी दगडावर पळाले. तो खाली बसला आणि ते बोटानं गोळा करायला लागला. पारा काय हाती लागतो? कुणीतरी त्याला उठवून नेलं. दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, आणि मीही नाही.

ती दोन वर्षं त्यानं काय केलं ते गावानं पाहिलं. भुसावळला जाऊन नवी नळी आणली. वय होऊन नोकरी सुटली होती, तरी खोली सोडली नाही. नवा माणूस आकडे वाचायचा, हा शेजारी बसायचा. पावसाळ्यात वर धरणावरच्या चौकीदाराला फोन करून विचारायचा, किती वाजता उघडलं, मोरी का दरवाजा. मग कमरेला दोर बांधून, दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला, फरशीच्या टोकाशी उभा राहायचा. दर पाच मिनिटांनी पातळी किती, पारा किती. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. खोकला लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. बाया म्हणायच्या, वेड लागलं म्हाताऱ्याला. मी मनात म्हणायचो, लागू दे.

तिसऱ्या वर्षी ग्रामसभा होती. पाण्याच्या टाकीचा विषय चाललेला. डाक्टर उठला. सरपंच म्हणाला, "बोला डाक्टर, टाकीबद्दल काय?"

"टाकीबद्दल नही. माले त्या बाईबद्दल सांगनं शे."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्यानं वही उघडली आणि मिटली.

"मी तुमले सांगं व्हतं, थंडं पानी पह्यले येस, मंग पूर. ते खोटं शे. एकदम दरवाजा उचलना का पह्यले धक्का येस, मंग पानी येस. एस्टीना दारमा मांगला माणूस ढकलस, पुढला आत पडस. मांगला नंतर येस. तसंच नदीनं शे. धरनना पानीनी जे पानी नदीमा आधीच व्हतं ते पुढं ढकलं. ते नालानं पानी, कोमट. पूर त्यानाच उना. थंडं पानी पाऊन तास मांगे व्हतं." खोकल्यानं त्याला थांबावं लागलं. "आधी ते मोरी थोडी थोडी सोडेत. तव्हढाशा धक्कानं पानी दोन बोटं चढे, आपले समजेच नही. म्हनून मना नियम खरा वाटे. मनं चुकनं. त्या बाईनं नही. तिनी मी सांगं तेच करं. कागदवर तो शब्द शे ना, तो खोडा. मना नाव लिव्हा."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे तूच मारली म्हन ना."

"हो," तो म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

कागद बदलला नाही. तलाठी म्हणाला, असं बदलता येत नाही. पण गावात बदललं. त्या दिवसापासून कुणी तिला निष्काळजी म्हणालं नाही. सगळं डाक्टरवर गेलं. त्याला भाकरी देणं बायांनी बंद केलं. पोरं त्याच्या खोलीवर दगड टाकायची. तो लाल रंगाचा डबा घेऊन फरशीजवळच्या भिंतीवर लिहून आला, 'पाय घालू नका. खांब बघा.' घरोघर जाऊन सांगायचा, तो नियम विसरा. लोक दार लावून घ्यायचे. आणि गंमत म्हणजे, नियम कुणी विसरलं नाही. त्याला शिव्या द्यायच्या आणि एक पाय पाण्यात घालून बघायचा, हे दोन्ही चालू राहिलं.

माघात त्यानं अंथरूण धरलं असं कळलं. का गेलो ते मला सांगता येत नाही. दुपारी गेलो. खोलीत औषधाचा आणि ओल्या वह्यांचा वास. तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी म्हणालो, "डाक्टर." तो वळला. सवयीप्रमाणं माझा हात घेतला.

"तुना हात थंडा शे."

हात न सोडता तो म्हणाला, "त्या दिवशी मी खिडकीमा व्हतो. आकडा वाचाले निंघनू व्हतो. तुम्ही दोन्ही काठवर उभा व्हतात. तिनी पाय घाला. मंग तू घाला."

मी हात ओढून घेतला.

हो. घरी नव्हतो मी. ती काठावर थांबली होती. तिनं पाय घालून बघितला, आणि तिला कसली तरी शंका आली. वर डोंगराकडं बघून म्हणाली, "आभाळ लय काळं हाये वर. थांबू का जरासक?" मला शेळ्यांचं ओरडणं ऐकून वैताग आला होता. मी माझा पाय पाण्यात घातला आणि म्हणालो, "कोमट हाये. कसाले भेते? जाय."

नियम डाक्टरचा होता. पण ती नियमावर गेली नाही. ती थांबत होती. ती माझ्या शब्दावर गेली.

"सभेत का नही सांगितलं?" मी विचारलं.

"तुले पोरं शेतस. सुना शेतस. उद्या ते तुना तोंडकडे कसा पाहतीन?" तो दम घेत बोलत होता. "मी एकला शे. मना नाववर ऱ्हायनं ते काय बिघडनं? आनि मनं बी चुकनंच व्हतं."

मग म्हणाला, "खिडकीमाईन मी बी वरडू शकतू. वाटनं, कोमट शे, काय व्हस."

चार दिवसांनी तो गेला. त्याचा पुतण्या धुळ्याहून आला, त्यानं अग्नी दिला. गावातली सात माणसं होती. त्याच्या डाव्या तळव्याची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. ते मी बघितलं.

पाडव्यानंतरच्या ग्रामसभेत मी उठलो. जे आता लिहिलं तेच सांगितलं. मी घरी नव्हतो, मी जा म्हणालो, डाक्टरला यातलं सगळं माहीत होतं. सरपंच खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला.

"आबा, बसा. बायको गेल्यावर मानूस आपल्या अंगावर घेतो. माह्या बापाचं बी असंच झालं होतं. चहा घ्या."

"मी खरं सांगू राह्यलो."

"हो हो. बसा."

थोरल्या मुलानं मला घरी आणलं. सुनेनं त्या रात्री खीर केली. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. त्यांना डाक्टरच दोषी पाहिजे. तो मेलेला, परक्या जिल्ह्याचा आणि वेडा. मी त्यांच्या ताटात रोज जेवतो.

या भादव्यात एके दिवशी सकाळी सर येऊन गेली. मी आता फरशीवर जाऊन बसतो, दुसरं काम नाही. वर डोंगरात काळं होतं. शेजारच्या आळीतली एक सून आली, तिची म्हैस पलीकडं. तिनं एक पाय पाण्यात घातला.

"कोमट हाये," ती स्वतःशीच म्हणाली.

मी उठलो आणि काठी आडवी धरली. "थांब."

"आबा, सरका. उशीर व्हऊ राह्यला."

"खांब पाह्य आधी. अर्धा तास थांब."

"डाक्टरचं भूत लागलं का तुमाले?" ती हसली, मग चिडली. मी काठी काढली नाही. ती काठावर बसून मला आणि माझ्या सात पिढ्यांना बोलत राहिली. मी खांबाकडं बघत होतो. पाणी वाढलं नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. एक बोटही नाही. धरण सुटलंच नव्हतं.

"पाह्यलं? काही येऊ नही राह्यलं. म्हतारं बधिर झालं," ती म्हणाली आणि काठी ढकलून उतरली.

मी तिला जा म्हणालो नाही. खांबाकडं एक डोळा आणि तिच्याकडं एक, असा उभा राहिलो, ती पलीकडं पोचेपर्यंत, म्हैस घेऊन परत येईपर्यंत. परत आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

बायको गेली त्या दिवशी मी एवढंही केलं नव्हतं. जाय म्हणालो, आणि ती उतरायच्या आत बिडी पेटवायला पाठ फिरवली होती.